निविदेत ‘सेफ्टी शूज’ एवढेच लिहू नका

प्रति,
वनरक्षक, वनमजूर व हंगामी अग्निरक्षकांसाठी बूट खरेदी करणाऱ्या समित्यांचे सन्माननीय सदस्य,
वनविभाग, महाराष्ट्र राज्य

विषय : गस्तीच्या बुटांचे तपशीलपत्र, मापे, माल ताब्यात घेतानाची तपासणी व वाटपाची वेळ याबाबत

महोदय / महोदया,

पुढच्या बूटखरेदीचे तपशीलपत्र टाइप होण्याआधी हे पत्र आपल्या हाती पडावे, म्हणून लिहिण्याची घाई केली आहे. तपशीलपत्र एकदा पोर्टलवर चढले की दर, नमुना, पुरवठा सगळे त्याच्या मागून फरफटत जाते आणि शेवटी नियतक्षेत्रावर, म्हणजे वनरक्षकाच्या बीटवर, चालणाऱ्या माणसाची टाच सोलवटते. आम्ही बूट शिवणारे, उसवलेले बूट दुरुस्त करणारे आणि बूट घालून डोंगर तुडवणारे काहीजण आहोत. ‘सेफ्टी शूज, चामडी, काळे, अमुक जोड’ ही एका ओळीची सवय मोडावी, हे आमचे मागणे. त्या ओळीत काय बिघडते आणि तिच्या जागी काय लिहावे, ते पुढे सविस्तर आहे.

‘सेफ्टी शूज’ हा कारखान्यातला शब्द आहे. भारतीय मानक आयएस १५२९८ मध्ये तो भाग २ मध्ये येतो. पुढे पोलादी किंवा कंपोझिट टोपी, तिने २०० जूलचा आघात आणि १५ किलोन्यूटनचा दाब सोसायचा. २०० जूल म्हणजे साधारण २० किलोचे वजन एक मीटरवरून पायावर पडणे. भाग ३ मध्ये तीच टोपी १०० जूल आणि १० किलोन्यूटनची. भाग ४ मध्ये टोपीच नाही, बाकी तळ, चामडे, शिवण यांच्या कसोट्या आहेत. तो ‘ऑक्युपेशनल’ म्हणजे कामाचा बूट. ‘सेफ्टी शूज’ एवढेच लिहिले की पुरवठादार भाग २ चा माल आणतो आणि त्यात त्याची चूक काही नसते, कारण आपण मागितले तेच त्याने दिले.

वनरक्षकाच्या पायावर २० किलोचे काही पडण्याचा प्रसंग विरळा. त्याच्या पायाला रोज भेटतो तो उतार. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो, अंगठा टोपीच्या कडेवर आपटत राहतो आणि दोन दिवसांत नख काळे पडते. टोपीची मागची कड जिथे संपते नेमका तिथेच चालताना बूट वाकतो, म्हणून बोटांच्या सांध्यांवर आडवी रेघ उमटते आणि पुढे तिथेच भोवरी धरते. शिवाय वजन. एका किलोमीटरला सुमारे १,३०० पावले धरली तर १५ किलोमीटरच्या गस्तीत २० हजार पावले होतात. प्रत्येक बूट ३०० ग्रॅमने जड असेल तर दिवसभरात पायांनी ६ टन जास्तीचे उचलले. पाठीवरच्या ३०० ग्रॅमपेक्षा पायातले ३०० ग्रॅम कितीतरी पटीने दमवतात, ही लष्करी अभ्यासांत पुन्हा पुन्हा मोजली गेलेली गोष्ट आहे.

टोपी सगळीकडेच नको, असे मात्र नाही. लाकूड आगारात ओंडके लोटणारा, कुपात (तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यात) तोड करणारा, ट्रक भरणारा, यंत्रकरवत चालवणारा यांना भाग २ चाच बूट द्या आणि त्यात तडजोड करू नका. दोन कामांचे बूट दोन वेगळ्या ओळींत मागवायचे, इतकेच.

गस्तीसाठी मग ओळ अशी लिहावी : आयएस १५२९८ भाग ४, वर्ग ‘ओ-३’, जोडीला उष्णतारोधक तळाची ‘एचआरओ’ खूण. ओ-३ मध्ये खाचांचा तळ, भोसकणे अडवणारा थर, टाचेला किमान २० जूलचा धक्का शोषण्याची क्षमता आणि पाणी चटकन न पिणारे चामडे एकदम येते. पाण्याची कसोटी अशी की तासाभरात चामड्यातून ०.२ ग्रॅमपेक्षा जास्त पाणी आरपार जाऊ नये आणि चामड्याने स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांहून जास्त पाणी शोषू नये. एचआरओ म्हणजे ३०० अंश सेल्सिअसच्या धातूला मिनिटभर टेकूनही तळ वितळत नाही, वाकवल्यावर तडकत नाही. वणव्याच्या दिवसांत, १५ फेब्रुवारी ते १५ जून, जाळरेषेवर आणि विझलेल्या राखेवर चालणाऱ्या माणसाला ही खूण चैन म्हणून नको आहे. चिकटवलेल्या तळाचा गोंद अशा राखेवर आधी सुटतो आणि मग तळ बोलू लागतो.

आता तळ. या पत्रातला सर्वांत लांब भाग हाच, कारण बूट फसतो तो बहुतेक इथेच.

स्वस्त बुटाचा तळ पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनच्या फेसाचा असतो. हलका असतो, सुरुवातीला मऊ लागतो, कारखान्याच्या कोरड्या फरशीवर उत्तम चालतो. त्याचे दुखणे ओलाव्यात आहे. हवेतले पाणी पीयूच्या साखळ्या आतून तोडत जाते, याला जलापघटन म्हणतात. पॉलिएस्टर जातीच्या पीयूला ते लवकर ग्रासते, पॉलिईथर जातीला उशिरा. हे पायात घातल्यावरच सुरू होते असे नाही. खोक्यात, भांडारात, फडताळावर पडलेल्या बुटातही ते चालूच असते. सावंतवाडीच्या किंवा चिपळूणच्या दमट गोदामात तीन-चार वर्षे पडलेला कोराकरकरीत बूट पहिल्याच दिवशी खारी बिस्किटासारखा भुगा होऊन सुटतो. वापरणाऱ्यावर ‘निष्काळजीपणा’चा शेरा येतो, आणि बूट तर पेटीतच मेलेला असतो. म्हणून तपशीलपत्रात एक वाक्य टाकाच : ‘पुरवठ्याच्या दिवशी उत्पादनाला सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा.’ उत्पादनाचा महिना-वर्ष किंवा तिमाही बुटावर छापणे मानकानेच बंधनकारक केले आहे, ते वाचायला भिंग लागत नाही.

एक बारकावा. बाहेरचा तळ रबराचा असला तरी त्याच्या आणि चामड्याच्या मधला थर बऱ्याचदा पीयूचाच असतो. ‘रबर सोल’ लिहून सुटका होत नाही. मधला थर ईव्हीए या दुसऱ्या जातीच्या फेसाचा मागितला तर तो कुजत नाही, पण वर्षभरात दबून चपटा होतो. दोन्हींत उणे आहेच. कोकण, कोल्हापूर, सातारा या ओल्या पट्ट्यात आम्ही ईव्हीए किंवा सलग रबर निवडू. विदर्भाच्या कोरड्या जंगलात पॉलिईथर पीयूचा मधला थर आणि खाली रबर, ही जोडी ठीक चालते.

रबर किती कडक असावे? शोर-ए मापावर ६० ते ६८ च्या दरम्यान. त्याहून कडक रबर टिकते, पण ओल्या कातळावर काचेसारखे सरकते. त्याहून मऊ रबर कातळाला चिकटते आणि जांभ्याच्या सड्यावर कानशीने घासल्यासारखे झिजते. घसरण्याच्या ज्या कसोट्या दाखल्यावर असतात, एसआरए, एसआरबी, एसआरसी, त्यांतली पहिली साबणपाण्याच्या टाइलवर घेतात, दुसरी ग्लिसरीन लावलेल्या पोलादावर, आणि तिसरी म्हणजे त्या दोन्ही. शेवाळलेल्या बेसॉल्टवर यातली एकही नाही. दाखला मागावा, पण त्यावर विसंबू नये. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांच्या दोन पिढ्यांनी कॅनव्हासच्या साध्या हंटर बुटांवर गडकोट पालथे घातले ते त्या मऊ रबराच्या जोरावर. तळ इतका पातळ की खडा खड्याच्या जागी कळायचा, पण पकड होती. (काटाही काट्याच्या जागी कळायचा, म्हणून गस्तीला ते पुरत नाहीत.)

खाचा किती आणि कशा, हेही लिहा. नव्या तळाला किमान ४ मिलिमीटर खोल, टाचेपुढे स्पष्ट पायरी, आणि खाचांची तोंडे कडेला उघडी. खाचा दाट आणि बंद असल्या की काळ्या मातीत त्यांत गोळा बसतो आणि शंभर पावलांत तळ सपाट होतो. शिवाय प्रत्येक पायाला अर्धा किलो चिखल. अमेरिकी सैन्याच्या जंगल बुटांना पुढे ‘पनामा’ तळ आला तो याच कारणाने : तिरक्या, उघड्या खाचा, पाऊल वाकले की चिखल आपोआप गळतो. यवतमाळ, वाशीम, अकोला भागात तसाच तळ मागा. मेळघाटच्या मुरमाड उतारांवर आणि सह्याद्रीत ठोकळ्यांचा, पर्वतारोहणाच्या धाटणीचा तळ बरा. खाच २ मिलिमीटरवर आली की बूट निकाली, मग वरचे चामडे कितीही चकाकत असो.

तळ आणि वरचे चामडे यांची पकड प्रति मिलिमीटर ४ न्यूटनपेक्षा कमी नसावी, हे मानकात आहेच. आपण त्यात ‘पुढच्या भागाला कडेची शिलाई’ ही जोड द्यावी. नुसते पेस्टिंग एका पावसाळ्यात चोचीपाशी उघडते. शिवलेला तळ झिजल्यावर बदलता येतो, हा त्याचा दुसरा फायदा, त्याकडे पुढे येऊच.

भोसकणे अडवणाऱ्या थराबद्दल थोडे. ताडोबा, नवेगाव-नागझिरा, गडचिरोलीच्या बांबूबनांत तिरके कापलेले बांबूचे खुंट पानांखाली लपलेले असतात, त्यांवर पाय पडला तर साधा तळ आरपार जातो. पोलादी पत्रा हे अडवतो, पण तो कडेपर्यंत जात नाही, पायाच्या चवड्याला ताठ करतो आणि मे महिन्यात तापतो. विणलेल्या धाग्यांचा थर पूर्ण तळ झाकतो, वाकतो, हलका असतो, मात्र बारीक टोकापुढे तो पोलादाइतका पक्का नाही. ११०० न्यूटनची नेहमीची कसोटी ४.५ मिलिमीटर जाडीच्या खिळ्याने घेतात. बाभळीचा, हिवराचा काटा त्याहून पुष्कळ बारीक. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मानकात म्हणूनच ३ मिलिमीटरच्या खिळ्याची वेगळी कसोटी आली, तिची खूण ‘पीएस’. चालणाऱ्याला विणलेला थर द्या, पण कागदावर शक्यतो पीएस मागा. काट्याला खरे उत्तर तळाची एकूण जाडीच आहे : खाचा सोडून, चवड्याखाली किमान ८ मिलिमीटर.

वरच्या भागासाठी पूर्ण जाडीचे, दाणेदार चामडे, १.८ ते २.२ मिलिमीटर. ‘लेदर’ एवढेच लिहिले तर खालच्या थराचे चिरलेले चामडे, वर पीयूचा मुलामा देऊन, बिनदिक्कत येते. ते पहिल्या पावसात फुगते आणि वाकण्याच्या रेषेत सालपट सुटते. जीभ दोन्ही कडांना वरपर्यंत शिवलेली हवी, कारण पाणी, वाळू, कुसळे आणि जळवा याच फटीतून आत येतात. जाळीचे हवेशीर बूट दिसायला छान. ऑक्टोबरनंतर गवत वाळले की कुसळे त्या जाळीतून मोज्यात आणि मोज्यातून कातडीत शिरतात, आणि आंबोली, चांदोली, राधानगरीच्या पावसाळ्यात जळवांना तर ती मोकळी वेसच.

उंची घोट्याच्या वर, एकूण ६ ते ७ इंच. ८ इंचांचा ताठ चामड्याचा बूट चढावर पोटरीखालच्या शिरेवर घासतो. सापांसाठी उंच बूट हवा, असे वाटणे रास्त आहे. फुरसे बहुधा पावलाला, घोट्याला चावते, तिथे जाड चामडे मोठा फरक पाडते. घोणशीचे दात लांब असतात आणि तिचा झेप घेण्याचा आवाका मोठा. तिच्यासाठी बुटावर जाड कॅनव्हासचे गुडघ्याखालपर्यंतचे गेटर (पोटरीवर बांधायचे आवरण) वेगळे द्या, ते उन्हाळ्यात काढून ठेवता येतात आणि फाटले तर बूट वाया जात नाही. कुठलाही बूट ‘सर्पदंशरोधक’ म्हणून विकला जात असेल तर तो शब्द तपशीलपत्रात शिरू देऊ नका. माणूस त्यावर विश्वासून बिळापाशी पाय टाकतो.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दाचेही तसेच. आत पडदा असलेला जलाभेद्य बूट हिमाचलाच्या बर्फात गुणाचा. आपल्याकडे जुलैत ओढा गुडघ्यापर्यंत असतो, पाणी वरून आत येते आणि मग तोच पडदा ते बाहेर जाऊ देत नाही. आत तळे साचते, बूट दोन-तीन दिवस वाळत नाही, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. ओल्या पट्ट्यासाठी आतल्या कमानीच्या बाजूला जाळी बसवलेली दोन निचऱ्याची भोके हा स्वस्त आणि खरा उपाय आहे. गमबूट रोपवाटिकेत आणि चिखलाच्या कामात जरूर द्या, लेप्टोच्या दिवसांत तर द्याच. गस्तीला नको, त्यात घोटा मोकळा राहतो आणि उतारावर मुरगळतो.

आता मापे. चांगल्यातला चांगला बूट चुकीच्या मापाने दिला तर तो चौकीच्या खुंटीवर लटकतो आणि माणूस चपलेत गस्तीला जातो.

नेहमी काय होते? परिक्षेत्रातून यादी जाते, नावापुढे ‘८’, ‘९’ असे आकडे. ते आकडे चपलेचे असतात. आपल्या बाजारातल्या नंबरात एका आकड्याचा फरक म्हणजे ८.४६ मिलिमीटर, आणि दोन कारखान्यांचे ‘८’ सारखे नसतात. शिवाय लहानपणी अनवाणी वाढलेल्या पायाचा चवडा रुंद असतो, बोटे पसरलेली असतात. गोंड, कोरकू, माडिया, कातकरी वस्त्यांतून आलेल्या कित्येक वनमजुरांचे पाय असेच आहेत. असा पाय अरुंद साच्यावर घडवलेल्या बुटात मावत नाही, म्हणून माणूस एक नंबर मोठा घेतो. मग लांबी जास्त होते, टाच आत उचलते, फोड येतो आणि बूट वाकतो भलत्याच जागी. दोष साच्याच्या रुंदीत होता. म्हणून निविदेत प्रत्येक नंबरात दोन रुंद्या मागा, साधी आणि रुंद.

मापे घेण्याची पद्धत अशी ठरवून द्या. वेळ संध्याकाळची, कारण दिवसभर चालून पाय सुजलेला असतो. जाड मोजा घालून, भिंतीला टाच टेकवून, दोन्ही पायांवर सारखे वजन देऊन कागदावर उभे राहायचे. पेन्सिल अगदी उभी धरून कड काढायची, तिरकी धरली की ५ मिलिमीटरची चूक ठरलेली. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत लांबी (ते अंगठाच असेल असे नाही), चवड्याची रुंदी, आणि चवड्याभोवती फितीने घेर. दोन्ही पायांची मापे घ्यायची, मोठा पाय धरायचा. यादीत नंबर लिहू नका, मिलिमीटर लिहा. लांबीत १० ते १२ मिलिमीटर मिळवून बुटाच्या आतली लांबी ठरते, आणि ती देणे ही पुरवठादाराची जबाबदारी.

नमुना बूट घालून पाहण्याच्याही तीन खुणा आहेत. नाडी सैल सोडून पाय पुढे सरकवला तर टाचेमागे एक बोट जावे, दोन जात असतील तर मोठा. नाडी बांधून फळीच्या उतारावर खाली तोंड करून उभे राहिले, दोनदा पाय आपटला, तर बोटे पुढे टेकू नयेत. आणि चढावर टाच थोडी उचलली तरी ‘फटक्-फटक्’ होता कामा नये.

महिला वनरक्षकांसाठी पुरुषी साच्यातला ४ किंवा ५ नंबर हा उपाय नाही. स्त्रीच्या पावलात चवड्याच्या मानाने टाच अरुंद असते. पुरुषी साचा छोटा केला तरी त्याची टाच ढगळच राहते. महिलांच्या साच्यावरचे ३ ते ७ नंबर वेगळी बाब म्हणून मागवा. संख्या कमी म्हणून पुरवठादार टाळाटाळ करील. एका विभागाने एकट्याने मागण्यापेक्षा पूर्ण वनवृत्ताची, म्हणजे त्यातल्या सगळ्या विभागांची, मागणी एकत्र केली की संख्या भरते.

माल ताब्यात घेण्याच्या दिवशी समितीने नुसते खोके मोजू नयेत. अर्ध्या दिवसात होण्यासारखे काम आहे. आयएसआय चिन्ह, परवाना क्रमांक, मानकाचा भाग, उत्पादनाचा महिना पाहा. परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ॲपवर टाकून खरा आहे का बघा. मग खोक्यांच्या ढिगातून मनाने उचललेला एक बूट करवतीने लांबीत उभा चिरा, दर शंभर जोडांमागे एक. एक जोड गेल्याची हळहळ वाटेल, पण आतले सगळे उघडे पडते : कमानीखाली पोलादी किंवा फायबरची पट्टी आहे का, टाचेच्या कवचात पुठ्ठा तर नाही, मधला थर सलग आहे की बुडबुडे आहेत, तळाची जाडी किती. चामड्याची कड पाहा, वरून खालपर्यंत तंतू आणि वर घट्ट दाणेदार थर दिसला पाहिजे. प्लॅस्टिकची वेगळी साय दिसली तर तो मुलामा. तळाचा तुकडा पाण्यात टाका, फेसाळ पीयू तरंगतो, रबर बुडते. चिमट्यात धरून लालबुंद खिळा टेकवा, पीयूची तार निघते, रबर जळकट वासाने काळे पडते. दुसरा बूट (निचऱ्याची भोके असतील तर ती बंद करून) वर्तमानपत्र कोंबून घोट्याखालपर्यंत तासभर बादलीत ठेवा आणि कागद बाहेर काढून बघा. तिसरा हाताने वाकवा, वाकण्याची जागा चवड्यात हवी. बूट मधोमध, कमानीत वाकत असेल तर तो दगडावर उभ्या माणसाच्या तळव्याची वाट लावणार. शंका आली तर एनएबीएल-मान्य प्रयोगशाळेत पाठवण्याचा अधिकार आणि तोवर देयक थांबवण्याची अट निविदेतच असू द्या.

वाटपाचा हिशेब. दिवसाला सरासरी १० किलोमीटर आणि वर्षात २५० दिवस गस्त धरली तर २,५०० किलोमीटर होतात. खडकाळ वाटेवर बऱ्यापैकी रबरी तळ साधारण ८०० ते १,६०० किलोमीटर जातो. वर्षाला एक जोड ही आकडेमोड म्हणून बसतच नाही. दोन जोड एकदम द्या आणि आलटून पालटून वापरायला सांगा. भिजलेला बूट पूर्ण वाळायला २४ ते ४८ तास लागतात, एकच जोड असेल तर तो कधी वाळतच नाही, आत घाम आणि बुरशी, बाहेर उसवलेले टाके. दोन जोड असे फिरवले तर ते एकापाठोपाठ एक दिलेल्या दोन जोडांपेक्षा जास्त काळ जातात.

वेळही सांभाळा. ओल्या पट्ट्याला मेच्या मध्यापर्यंत, बाकीच्यांना सप्टेंबरअखेर. व्याघ्रगणनेच्या तोंडावर कोरे बूट वाटणे म्हणजे फोड वाटणे. त्या दिवसांत प्रत्येक नियतक्षेत्रात खुणा शोधत किमान ५ किलोमीटरच्या वाटा तीन दिवस चालायच्या आणि पुढे ट्रान्सेक्टच्या, म्हणजे प्राणी मोजत चालायच्या आखीव, रेषा. नव्या चामड्याला पायाशी जुळायला आठ-दहा दिवस लागतात, आधी चौकीत तास-दोन तास, मग जवळचा पाणवठा, मग पूर्ण फेरी.

बुटाच्या खोक्यात तीन जोड मोजे घाला, निव्वळ सुती नकोत. सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओली कातडी मऊ होते आणि घासली की सोलते. लोकर-नायलॉन किंवा पॉलिस्टर-नायलॉनची मिश्र वीण, टाचेला आणि चवड्याला जाड. काढता येणारा आतला पट्टा (तळव्याखालची गादी) हवाच, तो रोज रात्री बाहेर काढून ठेवायचा. जास्तीची नाडी, आणि एक छापील कागद, त्यावर चारच गोष्टी : भिजलेला बूट चुलीजवळ किंवा पत्र्यावर वाळवू नका, चामडे आखडते आणि गोंद सुटतो. आत वर्तमानपत्र कोंबा, दोन तासांनी बदला. महिन्यातून एकदा डबिन (चामड्याचे मेणचट मलम) किंवा मेणाचे पॉलिश, तेल थापू नका, चामडे लोळागोळा होते. उतारापूर्वी घोट्यापाशी नाडीला दुहेरी पीळ देऊन आवळा, बोटांवर सैल ठेवा.

परेडसाठी चकाकणारा बूट हवा असेल तर तो वेगळा घ्या. आरशासारखी चमक येणारे मुलाम्याचे चामडे आणि डोंगरात टिकणारे चामडे यांची सांगड घालताना दर वेळी डोंगर हरतो.

दुरुस्तीची सोय खरेदीतच बांधून घ्या. शिवलेल्या तळाचा बूट किमान एकदा नवा तळ घेतो. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ राज्याचेच आहे. परिक्षेत्राच्या गावातल्या चर्मकारांशी त्याच्यामार्फत दर ठरवून, वर्षातून दोनदा, मे आणि ऑक्टोबरमध्ये, परिक्षेत्र कार्यालयात दुरुस्तीचे दोन दिवस ठेवता येतील. सुटे तळ, नाड्या, आतले पट्टे पुरवठादाराकडून दहा टक्के जास्तीचे मागून ठेवा.

सर्वांत कमी दराचा प्रश्न उरतो. नियम आपल्याला बांधून आहेत हे आम्ही जाणतो. पण सर्वांत कमी दर हा तपशीलपत्रात बसणाऱ्या मालांमधला असतो, आणि तपशीलपत्र आपल्या हातात आहे. समजा ९०० रुपयांचा जोड चार महिन्यांत गेला, तर महिन्याला २२५ रुपये पडले. २,४०० रुपयांचा जोड एकदा तळ बदलून, त्या तळाचे ३०० रुपये धरून, अठरा महिने गेला, तर महिन्याला १५० पडले. लेखापरीक्षणापुढे हे गणित कागदावर मांडून ठेवता येते. त्यासाठी लागतात खरे आकडे, आणि ते चाचणीतूनच येतील.

म्हणून शेवटची विनंती. मोठी मागणी नोंदवण्याआधी तीन नमुन्यांचे प्रत्येकी दहा जोड घ्या. सह्याद्री, मेळघाट आणि ताडोबा या तीन ठिकाणी ते वाटून द्या, त्यांत महिला आणि रुंद पायांची माणसे असू द्या. आठ आठवडे वापर. दर रविवारी वनपालाने वहीत पाच नोंदी करायच्या : चाललेले किलोमीटर, खाचेची खोली टाचेला आणि चवड्याला, कुठे टाका उसवला, पायाला कुठे फोड, भिजल्यावर किती तासांनी वाळला. खाच मोजायला साधी प्लॅस्टिकची मोजपट्टी पुरते. चाचणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू करावी, म्हणजे पहिला पाऊस, चिखल आणि शेवाळ तिन्ही त्यात सापडतील.

आपले,
बूट शिवणारे, दुरुस्त करणारे आणि ते घालून डोंगर चालणारे काहीजण